पहिला कॅमेरा: आधी लेन्स ठरवा, मग बॉडी

दिवाळीचा बोनस जमा झाला की ऑफिसातले दोन-तीन जण तरी माझ्या टेबलापाशी येतात. प्रश्न ठरलेला असतो. "कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?" मी विचारतो, "फोटो कशाचे काढणार?" समोरचा जरा थांबतो आणि म्हणतो, "सगळ्याचेच."

हे "सगळ्याचेच" फार महागात पडतं. मला पडलंय. पहिल्या वेळी दुकानदाराने पुढे सरकवलेला डबल किटचा खोका मी मुकाट्याने उचलला. बॉडी, १८-५५ आणि ५५-२५० एमएमच्या दोन लेन्स, वर बॅग आणि ट्रायपॉड फुकट. ट्रायपॉडचा पाय पहिल्याच वर्षी निखळला. लांब लेन्स दोन पावसाळे बॅगेत पडून राहिली, आणि तिसऱ्या वर्षी हौसेने बाहेर काढली तेव्हा आतल्या काचेवर बुरशीची जाळी पसरलेली. तिच्यातून काढलेले फोटो मोजले तर शंभरही भरायचे नाहीत.

म्हणून आता जो कोणी येतो त्याला मी ठरलेल्या क्रमाने कामाला लावतो. तोच क्रम इथे लिहितोय.

पहिली पायरी: फोनमधले फोटो मोजा

दुकानात जाण्याआधी फोन उघडा आणि गेल्या वर्षभरातले फोटो खाली सरकवत जा. बिलांचे, औषधांच्या चिठ्ठ्यांचे, पार्किंगच्या खांबांचे सोडून द्या. हौसेने काढलेले साधारण तीनशे फोटो निवडा आणि कागदावर रेघा मारा: घरातली माणसं, प्रवासातले देखावे, देवळं-लेणी-किल्ले, फुलं-किडे, पक्षी, रस्त्यावरची गर्दी. अर्ध्या तासाचं काम आहे.

ज्या रकान्यात सगळ्यात जास्त रेघा, त्याची लेन्स आधी घ्यायची. (एमएमचा आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं.) घरातली माणसं जास्त असतील तर ३५ एमएमची, मोठ्या ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक मोठं असलेली लेन्स. देखावे आणि किल्ले असतील तर बॉडीबरोबर येणारी १८-५५ पहिली दोन वर्षं सहज पुरते. फुलं आणि किडे असतील तर मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स. पक्षी असतील तर आधी दीर्घ श्वास घ्या, कारण पक्षी हा या छंदातला सगळ्यात खर्चिक रकाना आहे.

एक गंमत सांगतो. आपण पक्ष्यांचे फोटो काढणार असं छातीठोक सांगणाऱ्या एका सहकाऱ्याच्या फोनमध्ये तीनशेपैकी दोनशे वीस फोटो त्याच्या मुलीचे निघाले. त्याने ३५ एमएम घेतली. आता मुलीचा एक वाढदिवस सुटत नाही.

दुसरी पायरी: सेन्सर आणि माउंट समजून घ्या

सेन्सर म्हणजे जिथे फिल्म असायची त्या जागी बसवलेली प्रकाश टिपणारी चौकोनी चिप. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा. हौशी माणूस बहुतेक वेळा घेतो तो त्याहून लहान, क्रॉप सेन्सर. त्यामुळे लेन्स आहे त्याहून लांबची वाटते. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप बॉडीवर दीड पट आणि कॅननवर १.६ पट. ५० एमएमची लेन्स कॅननच्या क्रॉप बॉडीवर लावली की ८० एमएमसारखी वागते. पक्षी टिपणाऱ्याला हा फायदा, आणि वन-बीएचकेत नातवाचा फोटो काढणाऱ्या आजोबांना तोटा: मागे सरकता सरकता पाठ भिंतीला टेकते, तरी बाळाचे पाय चौकटीत येत नाहीत. पहिली प्राईम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, म्हणून सगळे "फिफ्टी घे, फिफ्टी घे" म्हणतात ना, त्यांना आधी तुमच्या हॉलची लांबी सांगा. आपल्या फ्लॅटांसाठी निकॉनची डीएक्स (म्हणजे क्रॉप बॉडीसाठीची) ३५ एमएम एफ १.८ (एफ हा ॲपर्चरचा आकडा) किंवा कॅननची पोळीसारखी चपटी २४ एमएम एफ २.८ जास्त सोयीची.

माउंट म्हणजे बॉडीवरचं ते गोल तोंड, जिथे लेन्स बसते. खरी सोयरीक होते ती याच्याशी. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स पंधरा-वीस वर्षं राहतात, आणि एका माउंटच्या लेन्स दुसऱ्यावर सरसकट बसत नाहीत. काही खाचाखोचा माहीत असाव्यात:

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स बसतात, फोटोही येतो, पण फोकस हाताने करावा लागतो. "निकॉनची फिफ्टी स्वस्तात मिळाली" म्हणून उड्या मारत घरी आलेल्यांपैकी निम्म्यांच्या हातात हीच लेन्स असते. घ्यायची तर नावात एएफ-एस असलेली घ्या.

कॅननची क्रॉप बॉडीसाठीची ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) बसत नाही. ईएफ मात्र दोन्हींवर बसते. कॅननचं मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांचं, आरएफ माउंट २०१८ सालचं. त्यावर ॲडॅप्टर लावून जुन्या ईएफ लेन्स फोकससकट उत्तम चालतात. निकॉनचं झेड माउंटही २०१८ सालचंच, पण त्यांच्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे एएफ-डी लेन्सचं रडगाणं तिथेही तसंच.

मग डीएसएलआर घ्यावा की मिररलेस? कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. नवा कोरा घेणार असाल तर मिररलेसच घ्या. हात आखडता असेल तर नेमक्या याच कारणामुळे जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स आज रास्त भावात मिळतात, आणि शिकायला त्यांच्यात काहीही कमी नाही. समजा तुमच्याकडे पन्नास हजार आहेत. मी निम्मे जुन्या बॉडीवर घालीन, पंधरा-सतरा हजार लेन्सवर, दोन-तीन हजार कार्ड, जादा बॅटरी आणि हवाबंद डब्यावर. उरलेले एसटी आणि पेट्रोलसाठी. हा शेवटचा वाटा लोक नेहमी विसरतात. मग महागडा कॅमेरा घेऊन बाल्कनीतल्या कबुतरांवर दिवस काढतात.

तिसरी पायरी: जुना कॅमेरा पारखून घ्या

मुंबईत फोर्टातला बोरा बझार हे या मालाचं जुनं ठिकाण. पुण्या-नाशकातही जुने कॅमेरे विकणारी दुकानं आहेत, आणि ओळखीतून मिळणारे तर असतातच. कुठूनही घ्या, पण दिवसाउजेडी बघा आणि पुढच्या गोष्टी तिथेच उभं राहून करा. विकणारा घाई करू लागला तर नमस्कार करून निघा.

बरोबर तुमचं स्वतःचं मेमरी कार्ड आणि एक बारीक टॉर्च न्या, फोनचा चालेल.

आधी बॉडी. बाहेरून झिजलेली चालेल, रबर सुटलेलं असेल तरी चालेल. मात्र स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे दिसले तर कोणीतरी ती उघडलेली आहे असं समजा. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर नको, बॅटरी फुगलेली नको. कार्डाच्या खाचेतल्या पिना वाकलेल्या नकोत. सगळी बटणं एकदा दाबून बघा, अंगचा फ्लॅश उडवून बघा.

मग सेन्सर. ॲपर्चर एफ १६ ठेवा, फोकस हाताने अनंतावर न्या आणि पांढरी भिंत किंवा मोकळं आभाळ टिपा. फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. धूसर गोल ठिपके म्हणजे धूळ. ती साफ होते. त्यावरून भाव पाडता येतो, पण घाबरायचं कारण नाही. बारीक ठाम रेघ दिसली तर तो ओरखडा असू शकतो, आणि तो जात नाही. त्यानंतर लेन्सला झाकण लावून पाच सेकंदांचा फोटो काढा. काळ्या पडद्यावर लाल-निळे दोन-चार ठिपके असले तर ठीक. चांदणं पडल्यासारखं दिसलं तर नको.

शटर किती वेळा पडलंय हे विचारा आणि पडताळा. निकॉन हा आकडा प्रत्येक फोटोच्या माहितीत लिहून ठेवतो; साध्या मोफत ॲपमध्ये तो दिसतो. कॅननच्या बऱ्याच बॉडींत तो असा सहज मिळत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. सुरुवातीच्या वर्गातल्या डीएसएलआरचं शटर साधारण १ लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेलं असतं. १ लाख झाले म्हणजे उद्या मोडणार असं काही नाही, पण तीस हजारांचा आणि नव्वद हजारांचा कॅमेरा एकाच भावात घेऊ नका. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने विकायला काढलेली बॉडी मी शक्यतो टाळतो. हौशी माणसाच्या कपाटात पडून राहिलेली बॉडी सोनं असते.

लेन्स मात्र नेमकी उलट! कपाटात पडून राहिलेल्या लेन्सवर सगळ्यात जास्त संशय घ्या. दोन्ही झाकणं काढा, मागून तिरका टॉर्च मारा आणि पुढून बघा. धुळीचे दोन-चार कण प्रत्येक लेन्समध्ये असतात, त्यांनी फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बर्फाच्या फुलासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. "जरासंच आहे, साफ होऊन जाईल" असं ऐकायला मिळेल. साफ होते, हे खरं. पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर डाग राहतो, आणि परतही येऊ शकते. घरात आणून इतर लेन्सच्या शेजारी ती ठेवायची हिंमत मला होत नाही.

मग ॲपर्चरच्या पात्या. एफ ८ वर फोटो काढताना त्या झपकन मिटून उघडल्या पाहिजेत. त्यांच्यावर तेलाची चकाकी नको. झूमची कडी पूर्ण फिरवा. मध्ये कुठे अडखळली किंवा करकरली तर आत धूळ नाहीतर मार बसलेला आहे. शेवटी जवळची वस्तू आणि लांबची पाटी, दोन्हींवर फोकस करून बघा.

बिलावरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळतोय का ते बघायला विसरू नका. नवीन घेताना कोणी "बिलाशिवाय चार हजार कमी" म्हणालं तर तो माल बहुधा कंपनीच्या अधिकृत वाटेने आलेला नसतो, आणि वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटर हात वर करतं. त्या चार हजारांनी मला एकदा नऊ हजारांना गाठलंय.

चौथी पायरी: पहिला महिना एकच लेन्स

कॅमेरा आला की ऑटो मोडवरून चकती थेट मॅन्युअलवर नेऊ नका. कोणीतरी सांगतं की खरा फोटोग्राफर मॅन्युअलवरच काढतो. मी म्हणतो, खरा फोटोग्राफर मुलगी केक कापत असताना कॅमेऱ्याच्या चकत्या फिरवत बसत नाही. चकती ए वर ठेवा, कॅननमध्ये एव्ही. ॲपर्चर तुम्ही ठरवा, शटरचा वेग कॅमेरा ठरवेल. आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती दाद देतो त्याचा आकडा) ऑटोवर ठेवा, आणि मेनूत किमान शटर वेग १/१२५ लावा.

ॲपर्चरचा आकडा लहान म्हणजे भोक मोठं, प्रकाश जास्त. हे उलटं गणित सगळ्यांनाच आधी चकवतं. पण एकदा हिशेब करून बघा. किट लेन्स ५५ एमएमवर नेली की ॲपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. प्राईम एफ १.८ पर्यंत उघडते. दोन आकड्यांचा भागाकार करून वर्ग केला की येतात साधारण ९.७, म्हणजे प्राईममधून जवळजवळ दसपट प्रकाश आत येतो. ट्यूबलाइटच्या उजेडात किट लेन्सला १/१० सेकंद लागत असेल आणि धावणारं पोर म्हणजे नुसता पिवळा फराटा येत असेल, तर तिथेच प्राईम १/१०० ला फोटो काढते आणि पोराचा पडलेला दातही दिसतो. बॉडी बदलून एवढा फरक पडत नाही.

अजिंठ्याला जाणार असाल तर हीच लेन्स न्या. तिथे चित्रांमुळे फ्लॅशला बंदी आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते आणि आत उजेड मिणमिणता. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर मी एफ १.८, आयएसओ ३२०० आणि १/६० वर श्वास रोखून उभा होतो. मागून रांग ढकलत होती, तरी आठपैकी तीन फोटो धारदार आले. सोमवारी जाऊ नका, अजिंठा बंद असतो. वेरूळ मंगळवारी बंद. दोन दिवसांचा बेत या दोन वारांवरून आखावा लागतो.

याच महिन्यात एक्स्पोजरची खोड समजून घ्या. कॅमेऱ्याचा मीटर जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. वारीत दिवेघाट चढणारी पांढऱ्या टोप्यांची, पांढऱ्या धोतरांची गर्दी त्याच्यासमोर आली की तो म्हणतो, फार उजेड झाला, आणि फोटो काळवंडून देतो. टोप्या धुरकट, चेहरे तर दिसतच नाहीत. त्या वेळी अधिक-उणेचं बटण दाबून एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, वाढवायचा. उलट, डोहात डुंबणाऱ्या म्हशींचा फोटो काढला की मीटरला वाटतं अंधार आहे, आणि तो म्हशी राखाडी करून टाकतो. तिथे एक स्टॉप कमी. पांढऱ्याला वाढव, काळ्याला घटव, हे वाक्य मी कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर पेनाने लिहिलं होतं.

हात हलून फोटो बिघडू नये यासाठी जुना ठोकताळा असा: लेन्स जेवढ्या एमएमची, किमान तेवढ्याव्या भागाचा शटर वेग, आणि क्रॉप बॉडीवर त्याच्या दीड पट. २०० एमएमला १/३०० च्या आसपास. लेन्समधलं व्हीआर किंवा आयएस तुमच्या हाताचं थरथरणं सावरतं, समोरच्या पक्ष्याचं उडणं थांबवत नाही.

पक्ष्यांच्या रकान्यात रेघा जास्त असतील तर

विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत लांब लेन्स शनिवार-रविवारपुरत्या भाड्याने मिळतात. अनामत ठेवावी लागते, देताना-घेताना दोघांनी मिळून टॉर्च मारून बघायचं, एवढंच. अशी एक लेन्स घ्या आणि भिगवण गाठा. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर, उजनी धरणाचं मागचं पाणी. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात. कुंभारगाव किंवा डिकसळला पहाटे होडी ठरवायची आणि सूर्य वर यायच्या आत पाण्यात असायचं. नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते, मग कितीही भारी लेन्स असली तरी लांबचे फोटो मऊच येतात.

ट्रायपॉड नेऊ नका, होडीचे हादरे थेट कॅमेऱ्यात येतात. कोपर अंगाला चिकटवून बसा. रोहित मोठा पक्षी आहे, क्रॉप बॉडीवर ३०० एमएमलाही काम होतं. उडतानाचा हवा असेल तर शटर १/१६०० च्या पुढे. आणि कृपा करून नावाड्याला "थोडं जवळ घे, उडव" असं सांगू नका. पक्षी हजारदा दमवले जातात ते अशाच फोटोंसाठी. त्याऐवजी इंजिन बंद करायला सांगा आणि वीस मिनिटं गप्प बसा. ते खाता खाता स्वतःच तुमच्याकडे सरकतात.

फुलांवाल्यांसाठी थोडक्यात: कास पठारावरची सीतेची आसवं नखाएवढीही नसतात. मॅक्रो लेन्स परवडत नसेल तर बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. त्यांच्यात काच नसते म्हणून स्वस्त असतात, आणि लेन्स अगदी जवळचं बघू लागते. पायवाट सोडून आत शिरायचं नाही. एका फुलासाठी पालथं पडताना खाली पन्नास चिरडतात.

पाचवी पायरी: घरी आल्यावर

कॅमेऱ्याला फोटो रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) आणि जेपेग (तयार फोटो) दोन्हींत ठेवायला सांगा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. काळवंडलेल्या वारकऱ्याचा चेहरा नंतर उजळायचा असेल तर फरक इथे कळतो. जेपेगमध्ये गालावर पट्टे उमटतात, रॉमध्ये चेहरा वर येतो. मात्र जे पूर्ण पांढरं होऊन गेलं ते रॉमधूनही परत येत नाही.

सॉफ्टवेअरवर पहिल्या वर्षी एक रुपयाही घालू नका. निकॉनवाल्यांना एनएक्स स्टुडिओ आणि कॅननवाल्यांना डिजिटल फोटो प्रोफेशनल मोफत मिळतं, आणि त्या त्या कंपनीचे रंग त्यात अचूक येतात. त्यापुढे जायचं असेल तर डार्कटेबल आणि रॉ-थेरपी आहेत. दोन्ही मोफत, दोन्ही ताकदवान. डार्कटेबल मात्र पहिले आठ दिवस डोकं फिरवतं. लाइटरूम सोपं, गुळगुळीत, शिकवणारे व्हिडिओ भरपूर, पण दर महिन्याला भाडं. भाडं देणं थांबवलं की फोटो तुमचेच राहतात, त्यांच्यावर काम करण्याची सोय जाते. फोनवरच करायचं असेल तर स्नॅपसीड पुरे.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: निवड. भिगवणहून चारशे फोटो येतात. पहिल्या फेरीत फक्त हललेले, मिटलेल्या डोळ्यांचे, अर्धे कापलेले काढून टाका. दुसरी फेरी त्याच दिवशी करू नका. त्या दिवशी प्रत्येक फोटोला पहाटेची थंडी चिकटलेली असते, सगळेच सुंदर वाटतात. चार दिवसांनी बसा आणि दहा ठेवा. लोकांना दाखवायचे तीन.

त्या दहांवर काम करताना माझा क्रम असा असतो. आधी क्षितिज सरळ करतो, कारण वाकडं पाणी मला झोपू देत नाही. मग चौकट कापतो. मग व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळट-निळसर तोल), मग एकूण उजेड, मग उजळ भाग खाली आणि सावल्या किंचित वर. रंगाच्या पट्टीला हात सगळ्यात शेवटी, तोही भीत भीत. धार (शार्पनिंग) द्यायची ती तयार फोटो सॉफ्टवेअरमधून बाहेर काढताना.

आपल्याकडच्या फोटोंत पिवळा आणि भगवा फार लवकर फुटतात. झेंडूच्या राशीत पाकळ्या दिसेनाशा होऊन एकसंध पिवळं ठिगळ झालं, तर रंग वाढवायच्या ऐवजी पिवळ्याचा उजेड कमी करा. आणि रात्री एडिटिंग करताना स्क्रीनचा नाइट मोड बंद आहे ना ते आधी बघा. मी आत्याच्या सत्तरीचे सगळे फोटो त्या पिवळट पडद्यावर "दुरुस्त" केले होते. सकाळी बघतो तर आत्या निळी!

फोटो दोन ठिकाणी असल्याशिवाय कार्ड पुसू नका. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरात. माझी सासूबाईंच्या कपाटात पैठण्यांखाली असते.

सहावी पायरी: पावसाळा

कुठल्याही परदेशी मार्गदर्शकात याला दोन ओळी मिळतात. आपल्याकडे लेन्स मरतात त्या यानेच. हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशीला बरं वाटतं, आणि जुलैत मुंबईत, कोकणात तो ८० च्या वर असतो.

महागडं ड्राय कॅबिनेट नंतर घ्या. आधी भांड्यांच्या दुकानातून घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा मोठा डबा आणा. त्यात एक छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पिशव्या टाका. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. फार कोरडंही नको, रबर आणि वंगण वाळतं. सिलिका जेल नारंगी रंगाचं घ्या. ओल पिऊन ते हिरवट झालं की ओव्हनमध्ये शंभर-एकशेवीस अंशांवर तापवलं की परत नारंगी होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका. तांदूळ घालू नका, पिठूळ धूळ आत जाते. डांबराच्या गोळ्या तर नकोतच.

कॅमेरा कधीही बॅगेत साठवू नका. बॅग म्हणजे ओलावा धरून ठेवणारी गोधडी. आणि लेन्स वापरा. हाताळली जाणारी, उजेडात येणारी लेन्स सहसा बुरशी धरत नाही. एसी गाडीतून उतरून थेट गणपतीपुळ्याच्या दमट हवेत कॅमेरा काढलात तर काचेवर धुकं धरतं. उतरायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा, नाहीतर कॅमेरा बंद पिशवीत ठेवून बाहेर तापू द्या.

पावसाइतकीच भंडाऱ्याची भीती धरा. जेजुरीला सोमवतीच्या दिवशी मी झूम लेन्स घेऊन गडावर उभा होतो. झूम पुढे-मागे करताना आत हवा खेचली जाते, आणि त्या दिवशी हवेत हवेपेक्षा हळद जास्त होती. संध्याकाळी कडी फिरवली तर जात्यासारखा आवाज. दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडली आणि आत पिवळं आवरण बघून हात जोडले. आता मी अशा ठिकाणी न लांबणारी प्राईम लावतो, सांध्यांवर प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बसवतो, आणि काहीही झालं तरी तिथे लेन्स बदलत नाही. गुलालालाही हेच लागू.

सहा महिन्यांनी

यानंतरच दुसऱ्या लेन्सचा विचार करा. डार्कटेबल किंवा लाइटरूममध्ये तुम्ही ठेवलेले फोटो फोकल लेन्थप्रमाणे, म्हणजे लेन्सच्या एमएमच्या आकड्याप्रमाणे, लावता येतात. पहिल्या पायरीत फोनवर जे मोजलंत तेच आता इथे मोजा. १८-५५ वापरत असाल आणि निम्मे फोटो ५५ वर अडकलेले असतील तर तुम्हाला लांब लेन्स हवी आहे. १८ वर अडकलेले असतील तर रुंद. मधेच कुठेतरी ३० ते ४० च्या आसपास गर्दी दिसली तर काहीच घेऊ नका, पैसे पुढच्या हिवाळ्यातल्या होडीसाठी ठेवा.

मी हे मोजलं तेव्हा दर दहातले सात फोटो ३५ वर निघाले. बुरशी लागलेली ती २५०ची लेन्स अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. दिवाळीत कोणी खुर्ची ओढून "सगळ्याचेच" म्हणालं की मी आधी ती त्याच्या हातात देतो आणि टॉर्च लावून आत बघायला सांगतो.